तिला सांगायचं नाही

"थांब बाय, कडी लावून येतो."

पुढं पुढं काकांच्या फोनची सुरुवात अशीच व्हायची. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज, अनवाणी पावलं, दाराची कुरकुर, मग जुनी लोखंडी कडी जोरात बसल्याचा आवाज. परत येऊन फोन कानाला लावायचे आणि म्हणायचे, "हां. आता बोल." फोन त्यांनी केलेला, बोलायचं मात्र मी.

मी त्यांना कधीच पाहिलं नाही. उंच होते की बुटके, मिशा होत्या की नव्हत्या, काही ठाऊक नाही. पण माझं आयुष्य अलिबागच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हेडफोन लावून गेलं, त्यामुळे माणूस आवाजावरून जोखायची वाईट खोड मला आहे. निवृत्त झाल्यावर एका छोट्या संस्थेनं मला बोलावून घेतलं. ज्यांच्या घरात स्मृतिभ्रंश झालेलं माणूस आहे, त्या घरच्या लोकांशी फोनवर बोलायचं, हे आमचं काम. आजाऱ्याशी नाही, त्याला सांभाळणाऱ्याशी. माझ्या बहिणीला अजून वाटतं की मी पंख्याखाली बसून गप्पा मारते. मारू देत तिला टोमणे.

काम सुरू करण्याआधी आम्हाला शिकवलं होतं की सल्ले देत सुटू नका, ऐका. मला हे जड गेलं. ऑपरेटर म्हणून लोकांचं ऐकायला सक्त मनाई होती, आणि मी सगळं ऐकायची. इथं ऐकायचा पगार मिळत होता, आणि माझ्या जिभेवर सल्ले तयार असायचे.

काकांना आमचा नंबर गावात घरोघरी तब्येत विचारत फिरणाऱ्या आशाताईंनी दिला. दिघीच्या खाडीजवळच्या एका कोळीवाड्यात त्यांचं घर. कधी कधी बोलता बोलता फेरीबोटीचा भोंगा वाजायचा आणि ते तो संपेपर्यंत थांबायचे. पूर्वी स्वतःच्या बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोट त्यांच्या शब्दावर चालायची. पुढं बोट पुतण्याकडे गेली आणि हे घरी बसले.

पहिल्या फोनवर ते म्हणाले, "आमच्या शेजारी एक बाई हाय. तिला कायतरी झालंय." मी म्हटलं, सांगा. शेजारीण चहात मीठ टाकते, शेजारीण उलटा ब्लाउज घालते, शेजारणीला घरातला संडास सापडत नाही. पुढच्या खेपेलाही शेजारीणच. बिचाऱ्या शेजारणीची एवढी काळजी करणारा माणूस मी तरी रायगड जिल्ह्यात पाहिला नव्हता. शेवटी मला राहवेना. मी विचारलं, "काका, शेजारणीला आंघोळ घालताना ती तुमच्या हाताला चावते, हे कसं काय?"

मला वाटलं, रेंज गेली. मग ते हसले.

"लय पोचलेली हायस बाय तू," म्हणाले. आणि मग म्हणाले, "माजीच हाय ती."

तुम्ही अशी माणसं पाहिली असतील. घरातलं दुखणं परक्याच्या नावावर टाकल्याशिवाय ज्यांना तोंड उघडता येत नाही. पुरुष तर जास्तच. ज्यानं उभ्या जन्मात बायकोबद्दल चार शब्द बाहेर काढले नाहीत, त्यानं तिचं लुगडं ओलं होतं हे कोणाला आणि कसं सांगायचं?

काकू म्हणजे बोर्ली पंचतनच्या बाजारातली नावाजलेली मासळीवाली. टोपली उतरवली की गिऱ्हाईक आपोआप यायचं, म्हणे, आणि आलेलं गिऱ्हाईक तिच्या तोंडाच्या पट्ट्याला भिऊन मुकाट्यानं घेऊन जायचं. हे सांगताना काकांचा आवाज चढायचा. तिचं बिनसलंय हे पहिल्यांदा बाजारालाच कळलं. भाव सांगून ती विसरायला लागली, एकाच्या पिशवीतली मासळी काढून दुसऱ्याला द्यायला लागली. सोबतच्या बायकांनी आधी हसण्यावारी नेलं आणि नंतर तिला घरी आणून सोडलं.

सुरुवातीला काका तिच्याशी भांडायचे. ती म्हणायची, तू कोण? हे म्हणायचे, मी तुझा नवरा. त्यावर तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "माजा नवरा तरना हाय. तू कोन म्हातारा?" हे सांगून काका खो खो हसले. मीही हसले.

मी त्यांना एवढंच म्हटलं की ती जिथं आहे तिथं तुम्ही जा, तिला इकडं ओढून आणू नका. हे आमच्या शिकवणीतलं वाक्य. काकांनी त्याचं काय करावं? ती औषधाची गोळी घेत नव्हती, थुंकून टाकायची. एका सकाळी त्यांनी गोळ्या सुपलीत मांडल्या, तिच्यासमोर ठेवल्या आणि स्वतः गिऱ्हाईक होऊन उकिडवे बसले. "कशी दिलीस गो?" तिनं भाव सांगितला. ह्यांनी तो पाडला. तिनं ह्यांच्या बापाचा उद्धार केला. घासाघीस पुरी झाल्यावर हे म्हणाले, "ताजी हाय कशावरून? आधी तू खाऊन दाखव." आणि तिनं तोऱ्यात गोळी तोंडात टाकली.

त्या दिवशीचा त्यांचा आवाज मला अजून आठवतो. मोठी मासळी लागलेला माणूस असाच बोलत असेल. पुढं रोज सकाळी हा बाजार भरायचा. शिव्या रोजच्या रोज ताज्या. "आज आजोबापर्यंत पोचली," असं ते मला कौतुकानं कळवायचे.

हे दिवस फार टिकले नाहीत. काकूचा भाऊ गेला.

तो त्याच वाड्यात राहायचा, आजारीच होता. सख्खा भाऊ, म्हणजे बहिणीला सांगायलाच हवं. काकांची थोरली बहीण वाड्यातली कर्ती बाई, तिनं काकूला पुढ्यात बसवून सांगितलं. काकूला ते स्वच्छ कळलं. ती जमिनीवर पडून रडली, भावाला नाना नावांनी हाका मारल्या. रडून रडून झोपली. उठली ती विसरून. घरात एवढ्या बायका कशाला जमल्यात, म्हणून विचारू लागली. कोणीतरी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा तितकीच कोसळली.

आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. दुखवट्याला आलेली बाई उंबऱ्यातूनच गळा काढते आणि घरच्या बाईनं तिच्या गळ्यात पडून रडायचं असतं. त्यात मायाही असते, आणि रडणं थोडं थोडं वाटून हलकंही होतं. एरवी ही शहाणी रीत आहे. पण काकूचं हलकं होण्यासारखं काही उरतच नव्हतं. दारात नवी बाई आली की काकूचा भाऊ नव्यानं मरायचा. जवळच्या गावांतून बायका येत राहिल्या, आपलेपणानंच आल्या, आणि ती प्रत्येकीच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत राहिली. तिचं अन्न तुटलं. छाती पिटून पिटून काळीनिळी झाली.

काकांनी बहिणीला विनवलं की आता पुरे करा. बहीण म्हणाली, आलेल्या माणसाला येऊ नको म्हणायचं का? मग एका दुपारी बायकांचा घोळका अंगणात शिरताना दिसला तेव्हा काका उठले, दार लोटलं आणि आतून कडी घातली. बाहेर बायका, बायकांच्या पुढं सख्खी बहीण. आत काकू विचारत होती की बाहेर कोण आलंय, आणि काका सांगत होते, कोणी नाही, वारा आहे.

कडी तेव्हापासूनची.

दुखवट्याला आलेल्यांना दार लावणं म्हणजे काय, हे वाड्यात राहणाऱ्यालाच कळेल. बहिणीनं बोलणं टाकलं. वाड्यातल्या कोणी तोंडावर म्हटलं, "तुज्या मयताला कोन येतो तेच बगू." काकांनी हे मला सांगितलं ते हवापाण्याचं सांगावं तसं. मी विचारलं, "काका, वाईट वाटलं?" ते म्हणाले, "ती निजली हाय आता. चांगली निजली हाय." एवढंच उत्तर.

भावाचं त्यांनी पुढं एक उत्तर ठरवून टाकलं. बोटीवर गेलाय. कोळ्याच्या घरात याला कोणी हरकत घेत नाही, पुरुष दिवसचे दिवस दर्यात असतात. ती म्हणायची, बरं. भाऊ बोटीवर सुखरूप राहिला.

मात्र आता दारात येणारं कोणी उरलं नव्हतं. पूर्वी एखादी बाई येऊन घडीभर तिच्याजवळ बसायची, तेवढ्यात हे दाढी करून यायचे, मच्छी आणायचे. तेही बंद झालं. मुलगी एकच, ती लग्न होऊन इकडं किहीमच्या बाजूला. पर्यटकांच्या बंगल्यांत साफसफाईचं काम करते, सुट्टी मिळाली की धावत जायची. बाकी सगळा वेळ ती दोघं आणि कडी. माणूस किती वेळ घासाघीस करत गिऱ्हाईक होईल?

एकदा त्यांनी फोन केला. कडीचा आवाज झाला, पण "आता बोल" आलं नाही. श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, "आज हात उचलला मी."

दिवसभर ती एकच प्रश्न विचारत होती, वरण तिनं तिसऱ्यांदा ओतून दिलं होतं, आणि यांनी तिच्या थोबाडीत मारली होती. मी ओरडले नाही. तिला लागलंय का विचारलं, त्यांनी काही खाल्लंय का विचारलं. दोन्हीला नाही म्हणाले. मग म्हणाले की ती थोड्या वेळानं जवळ आली आणि त्यांच्या गालावरून हात फिरवून त्यांनाच विचारू लागली, डोळ्यांत पाणी कशाला?

"ती इसरली बाय," ते म्हणाले. "मना कोन इसरून देनार?"

मी आपली फोन धरून बसले. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नाही, आणि बहिणीनं टोमणा मारला तेव्हा तिच्यावर नको तेवढी उखडले.

त्यानंतर त्यांचा खोकला वाढला. मी विचारलं की म्हणायचे, दर्याची हवा. जन्म दर्यावर गेला तेव्हा ही हवा बाधली नव्हती, आता घरात बसून बाधते का, असं मी एकदा खडसावलं. तेव्हा कबूल केलं की घास उतरत नाही. भात पेजेसारखा करून गिळतात. पुतण्याच्या मागं लागून मी त्यांना मुंबईच्या इस्पितळात धाडलं. मुलगी येऊन आईजवळ राहिली. डॉक्टर म्हणाले दाखल व्हा, अन्ननलिकेत गाठ आहे, उपचार लांबतील. काका म्हणाले, घरी माणूस आहे. आणि परत आले.

मी चिडले. आमच्या कामात चिडायचं नसतं, पण मी चिडले. म्हटलं, पनवेलकडे एक जागा आहे, काकूला काही दिवस ठेवून घेतील, मी स्वतः बोलते. नाही म्हणाले. तिथल्या बायका तिच्याकडून गोळी विकत घेणार आहेत का, असं विचारलं. मी म्हटलं, "तुम्ही हट्टानं मराल काका, आणि मग तिचं काय?"

"त्याच्याचसाठी तर फोन केला," ते म्हणाले.

त्यांचा आवाज तोवर घोगरा झाला होता. एकेक वाक्य बोलून ते थांबत होते.

"मी गेलो का हिला सांगायचं न्हाय. मना बगायला आनायचं न्हाय. बांगड्या फोडायच्या न्हाय." मग दम घेऊन म्हणाले, "फोडल्या तरी ती इसरंल. सकाली उठून हात बगंल, इचारंल, बांगड्या खय गेल्या. कोन तरी सांगंल. भाऊ मेला तवा बगितलंय मी. रोज नवरा मरंल बाय तिचा."

मी म्हटलं, हे तुम्ही मुलीला सांगा. तर म्हणाले, "बाप हाय मी. माज्या मयताचं माज्या तोंडून कसं सांगू तिला? तू सांग."

मी सांगितलं. किहीमला फोन लावला, आधी माझी ओळख दिली. मुलीनं सगळं ऐकून घेतलं, मग भडकली. "ताई, तुमाला बोलायला काय जातंय? आत्याला कोन सांगनार? आधीच वाड्यानं टाकल्यासारखं केलंय. नवरा मेला नि बायकोच्या हातात हिरव्या बांगड्या, लोकं माज्या तोंडावर थुकतील." मी म्हटलं, तुमच्या वडिलांची ही एकच इच्छा आहे. ती म्हणाली, "बघू." आणि फोन ठेवला.

काकांनी विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं, बघू म्हणाली. ते म्हणाले, "बघू बोलली म्हंजे आईवर गेली." आणि त्यातल्या त्यात समाधानानं हसले. पुढं आवाज पारच बसला. शेवटी शेवटी ते फक्त फोन लावून ठेवायचे, मी इकडचं तिकडचं बोलायची आणि ते खोकून हुंकार द्यायचे. कडी मात्र आठवणीनं लावलेली असायची.

ते गेल्याचं मुलीनं कळवलं ते क्रियाकर्म उरकल्यावर. रागाचा मागमूस नव्हता. तिनं जे सांगितलं ते मी तसंच सांगते.

वाडा आला. दार लावलेलं सगळ्यांच्या लक्षात होतं, पण मयताला सगळे आले, माणसं अशीच असतात. पुरुष बाहेर तयारीला लागले. काकू आतल्या खोलीत होती. आत्या, म्हणजे काकांची थोरली बहीण, तशीच आत गेली, आणि तिच्या हातात वाटणाचा दगड होता. मुलगी दाराशी आडवी उभी राहिली. म्हणाली, बाबांनी नको सांगितलंय. आत्या म्हणाली, माझा भाऊ आहे तो, त्याला रीतीनं पाठवू दे, बाजूला हो. आणि मुलगी बाजूला झाली. "मी घाबरले ताई," ती मला म्हणाली. "आत्यासमोर कोनीच उभं राहत न्हाय."

आत्या काकूच्या पुढ्यात बसली. पदरानं डोळे पुसले आणि तिचा हात मागितला. काकूनं एक नाही, दोन्ही हात पुढं केले. लग्नसराईत कासारापुढं करतात तसे, बोटं जुळवून, अंगठा आत दाबून. तिचा चेहरा फुलला होता.

"हिरव्याच भर," ती म्हणाली. "नि गच्च बसव. बाजारात ढिल्या होतात."

आत्या तो हात धरून बसली. बाहेरून कोणी हाक मारली, उशीर होतोय, तरी बसली. मग दगड तिनं जमिनीवर ठेवला, काकूची बोटं आपल्या हातांनी मिटवली आणि म्हणाली, "भरल्या गो, झाल्या भरून." बाहेर येऊन आत्यानं सगळ्यांना सांगितलं, उचला. एकाही माणसानं काही विचारलं नाही. काकांना खांदा द्यायला वाड्यातले सगळे पुरुष होते.

ऐकताना माझ्या मनात आलं, काका जिंकले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? त्यांचा फोन यायचा त्या वारी माझा फोन मोकळा राहायचा तेव्हा मी हेच आठवायची.

काकू आता मुलीकडे किहीमला असते. मुलगी मला अधूनमधून फोन करते, कारण सांभाळणारी आता ती. तिला मी बाकीच्यांना सांगते तेच सांगते. दुपारी थोडी पड, नवऱ्याला एक काम वाटून दे, जेवताना आईच्या हातात वाटी दे.

परवा तिचा फोन आला. आवाजावरून कळलं की काही तरी अडलंय.

"ताई, एक इचारू? बाबा गेल्यावर आईला काय सांगायचं ते मी ठरवून ठेवलेलं. बोटीवर गेलेत सांगायचं. पोरांना पन शिकवून ठेवलेलं. शेजारच्या बायकांच्या पाया पडून सांगितलं, कोनी काय बोलू नका."

"मग? कोणी बोललं का?"

"न्हाय. तिनं इचारलंच न्हाय ताई. एकदा पन न्हाय. भावाचं इचारते, बाजाराचं इचारते, आमच्या मेलेल्या कुत्र्याचं इचारते. बाबांचं नावच न्हाय घेत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रोज वाट बघते मी, आज इचारंल," ती म्हणाली. "तिला रडायला लागू नये म्हनून एवढं केलं त्यांनी. हेच पायजे होतं ना बाबांना?"

"हो," मी म्हणाले. "हेच हवं होतं त्यांना."

ती रडायला लागली. समोरच्यानं ठेवल्याशिवाय आपण फोन ठेवायचा नाही, असा आमचा नियम आहे. मी कानाला लावून बसून राहिले.